पंधरा वर्षांची बाईक पासिंगला नेताना धुरापलीकडे काय बघायचं

आमच्या अण्णांची शंभर सीसीची बाईक २००९ ची. २०२४ ला आरसीवरची तारीख संपत आली आणि घरात दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे पंधरा वर्षं झाली आता भंगारात द्या, आणि दुसरी पार्टी म्हणजे अण्णा एकटेच, ते म्हणाले गाडीला काय झालंय, एका किकमध्ये चालू होते. खरंच होते, अ‍ॅव्हरेज पण चांगलं देते. मग री-पासिंग, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यायचं ठरलं आणि त्या निमित्ताने मी गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढचं चाक उतरवलं, ब्रेक प्लेट बाहेर काढली, आणि ब्रेक शूवरचं लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) अख्खंच्या अख्खं सुटून त्यांच्या हातात आलं. शूला चिकटलेलंच नव्हतं ते, नुसतं ड्रमच्या आत अडकून बसलेलं. ह्या गाडीवर अण्णा रोज मंडईत जातात आणि शनिवारी माझ्या मुलीला मागे बसवून क्लासला सोडतात. आणि त्या दिवशी गाडीची पीयूसी (धुराचं सर्टिफिकेट) व्हॅलिड होती, इन्शुरन्स चालू होता, आरसी पण चालू होती, कागद मागितले असते तर एक पण कागद कमी पडला नसता.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून जेवढं कळलंय तेवढं सगळं इथे लिहितोय, कारण पंधरा वर्षं उलटलेली बाईक आता घरोघरी आहे आणि ती चालवणारं माणूस बहुतेक वेळा घरातलं वयस्कर माणूस असतं.

आधी ती भंगारवाली पार्टी. पंधरा वर्षं झाली की गाडी बाद हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि तो आलाय दिल्लीवरून. तिथल्या हवेमुळे आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या दिल्ली आणि आसपासच्या भागात रस्त्यावर आणायला बंदी घातली, त्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरल्या आणि सांगली-साताऱ्यातल्या माणसालाही वाटायला लागलं की आपली गाडी गेली. त्यात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द व्हायला लागली, त्याने गोंधळ अजून वाढला, पण तो नियम सरकारी मालकीच्या गाड्यांचा. आपल्याकडे खाजगी बाईक पंधरा वर्षांची झाली तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते, मग परत पाच वर्षं, मग परत. फक्त गाडी दाखवून, तपासून घ्यायला लागते.

आता खरा मुद्दा हा की खाजगी बाईकच्या आयुष्यात 'तपासून घ्यायची' हे शब्द इथे पहिल्यांदा येतात. रिक्षा, टेम्पो, ट्रक, म्हणजे धंद्याच्या गाड्या, ह्यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. खाजगी बाईकला असलं काही नाही. शोरूममधून निघाली की आरसी हीच तिची फिटनेस, सरळ पंधरा वर्षांसाठी. मधल्या काळात काय होतं तर पीयूसी. पहिलं वर्ष सूट, नंतर बीएस फोर आणि बीएस सिक्स (धुराचे नवे सरकारी मापदंड) गाड्यांना वर्षातून एकदा आणि त्याआधीच्यांना दर सहा महिन्यांनी. हिशोब केला तर अण्णांच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पंधरा वर्षांत २८ वेळा नळी घालायला हवी होती, एखाद-दुसरी चुकली असेल, पण तिचा ब्रेक कायद्याने सांगितलं म्हणून कोणी एकदाही बघितला नाही.

ह्याच्या अगदी उलटं बघायचं असेल तर इंग्लंडचं उदाहरण घ्या. माझा मामेभाऊ लेस्टरला असतो, त्याच्याकडे बाईक आहे. तिथे एमओटी नावाची तपासणी असते, १९६० ला सुरू झाली तेव्हा दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आणली. म्हणजे बाईक तीन वर्षांची झाली की पहिली एमओटी, आणि मग दर वर्षी एक. ब्रेक मशीनवर किंवा चालवून मोजतात, एका ब्रेकला निदान ३० टक्के आणि दुसऱ्याला २५ टक्के एफिशियन्सी यायला लागते, टायरची नक्षी १ मिलिमीटर हवी, हँडलचं बेअरिंग, फोर्क (पुढच्या चाकाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्या), चाकाचा प्ले म्हणजे ढिलेपणा, चेन, दिवे सगळं हाताने हलवून बघतात. माझ्या भावाची गाडी एका वर्षी नापास झाली ती कशामुळे, तर पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागत नव्हता. बाकी गाडी चकाचक. आणि गंमत म्हणजे तिकडच्या एमओटीत मोटरसायकलचा धूर मोजतच नाहीत, कारचा मोजतात, बाईकचा नाही, आवाज आणि गळती तेवढी बघतात. म्हणजे ते धूर सोडून सगळं बघतात आणि आपण फक्त धूर बघतो.

तिकडची सरकारी आकडेवारी सगळ्यांना बघता येते, गाडीचा नंबर टाकला की तिचा नापास-पासचा सगळा इतिहास फुकट समोर येतो, मला ते फार आवडलं. त्यात दोन गोष्टी लक्षात येतात. एक, पहिल्या तपासणीत नापास होण्याचं प्रमाण बाईकचं कारपेक्षा बरंच कमी आहे. दुसरं, बाईक नापास होण्यात सगळ्यात वरचा नंबर इंजिनचा नाही, दिव्यांचा आहे. बल्ब, इंडिकेटर, ब्रेक लाइट. आपल्याकडे अशी आकडेवारी कोणी काढत नाही कारण तपासणीच नाही, पण मिस्त्रींना विचाराल तर ते हेच सांगतील, इंजिन सहसा दगा देत नाही, आजूबाजूचं सगळं देतं.

तर म्हातारी बाईक नेमकी कुठे म्हातारी होते ते बघू. ब्रेकपासून सुरू करतो कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

आपल्या जुन्या कम्यूटर बाईकला बहुतेक दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतो. ड्रमच्या आत अर्धगोल दोन शू असतात, त्यावर लायनर गोंदाने चिकटवलेलं, तुम्ही लिव्हर ओढली की केबल एक दांडी ओढते, दांडीला जोडलेला कॅम फिरतो आणि तो दोन्ही शू फाकवून ड्रमवर दाबतो. लायनर झिजलं की कॅमला जास्त फिरायला लागतं, मग लिव्हर सैल वाटते, मग आपण नट आवळतो. परत सैल होते, परत आवळतो. हे नट आवळणं हाच ड्रम ब्रेकचा सगळ्यात मोठा घोळ आहे, कारण दर वेळी आवळलं की हाताला लिव्हर परत टाइट लागते आणि आपल्याला वाटतं ब्रेक चांगला झाला. प्रत्यक्षात दांडी पुढे पुढे सरकत चाललेली असते. दांडी आणि केबल काटकोनात असेपर्यंत जोर पूर्ण लागतो, काटकोन ओलांडला की तेवढ्याच ताकदीने ओढून पण शूवर जोर कमी पडतो. अजून पुढे गेलं तर कॅम इतका फिरतो की परत येताना अडकू पण शकतो, म्हणजे ब्रेक लागला तो सुटलाच नाही असं होऊ शकतं.

हे चाक न उघडता कळायची सोय कंपनीने दिलेली असते आणि ती शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नसते असं मी पैजेवर सांगतो. चाकाच्या ब्रेक प्लेटवर जिथून ती दांडी बाहेर येते तिथे दांडीच्या खाली एक पातळ पत्र्याचा छोटा बाण असतो, आणि त्याच्या शेजारी प्लेटवरच ओतलेली एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि बघायचं. बाण खुणेपाशी पोचला असेल तर लायनर संपलं, मग नट कितीही शिल्लक असू दे. अण्णांच्या गाडीवर तो बाण ग्रीस आणि मातीच्या थराखाली गाडला गेला होता, मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तेव्हा दिसला. खूण ओलांडून गेलेला. काही ठिकाणी अजून एक युक्ती करतात, दांडी काढून एक दाता मागे फिरवून बसवतात म्हणजे परत आवळायला जागा मिळते, अशी गाडी असेल तर दांडी बघून काहीच कळत नाही, बाणच बघायचा.

आणि लायनर सुटून यायचं कारण झीज नाही, ते वय आहे. चिकटवलेला गोंद उष्णतेने आणि पाण्याने वर्षानुवर्षं कमजोर होत जातो. त्यामुळे गाडी कमी फिरली म्हणजे ब्रेक नवा राहिला असं होत नाही, उलट महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी पावसाळ्यात ओल धरते, शूच्या धातूवर गंजासारखा थर चढतो आणि तो थर लायनरला खालून उचलतो. अण्णांचं म्हणणं होतं की "ब्रेक लागतोय की". लागत होता. पुढचा ब्रेक ते फार वापरतच नव्हते, सगळं काम मागच्या पायाच्या ब्रेकवर, आणि आपल्याकडे किती तरी लोक तसेच चालवतात कारण लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो. पण गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, ब्रेक मारला की वजन पुढे येतं म्हणून. ज्या दिवशी समोर अचानक कोणी येईल आणि हात आपोआप लिव्हरवर जाईल, त्या दिवशी तो ब्रेक लागला नसता, किंवा सुटलेलं लायनर आत पाचरीसारखं बसून चाक जाम झालं असतं. मी तिथे मिस्त्रींच्या दुकानात उभा होतो आणि मला फक्त शनिवारचा क्लास आठवत होता. दोन्हीकडचे शू बदलायचा खर्च एका हॉटेलातल्या जेवणाएवढा आला.

दिव्यांचं काय होतं ते पण सांगतो कारण पासिंगला गाडी परत पाठवतात ती जास्त करून इथेच. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या बाईकचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर थेट चालतो. म्हणून गाडी न्यूट्रलवर उभी असली की दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. तेवढं नॉर्मल आहे. पण वयाबरोबर तीन गोष्टी होतात, आतल्या रिफ्लेक्टरची चमक उडते, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज येतो आणि अर्थिंग कमजोर होतं. मग रेस देऊन पण दिवा पिवळाच. लोक बल्ब बदलतात, अजून वॅटचा टाकतात, त्याने होल्डर वितळतो आणि उजेड तेवढाच राहतो. आधी हेडलाइटचा डबा उघडून जोड साफ करायचे, फ्रेमला जिथे अर्थची वायर स्क्रूने लावलेली असते तो स्क्रू काढून खालचा रंग-गंज घासायचा, परत आवळायचा. वीस मिनिटांचं काम आहे.

ब्रेक लाइटचं अजून सोपं. पायाच्या ब्रेकपासून वर एका छोट्या स्विचकडे एक बारीक स्प्रिंग गेलेली असते, पेनच्या स्प्रिंगसारखी. ती गंजून तुटते. तुटली की ब्रेक मारला तरी मागे लाल दिवा लागत नाही आणि चालवणाऱ्याला हे कधीच कळत नाही कारण तो पुढे बघत असतो. रात्री घराच्या भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, एकदा पुढचा आणि एकदा मागचा ब्रेक दाबा आणि भिंतीवरचा लाल उजेड वाढतो का बघा, दुसऱ्या माणसाची पण गरज नाही.

टायरचं लोक नक्षीवर बघतात. नियमात दुचाकीला ०.८ मिलिमीटरच्या खाली नक्षी गेलेली चालत नाही, टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो त्याच्या रेषेत खाचेत बघितलं की एक उंचवटा दिसतो, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण म्हाताऱ्या गाडीचा टायर बऱ्याचदा नक्षी असूनच संपलेला असतो. कडेला चार आकडी कोड असतो, समजा २२११, म्हणजे २०११ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर उन्हाने कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, नख रुतत नाही, आणि असा टायर कोरड्या रस्त्यावर काही सांगत नाही पण पहिल्या पावसात डांबरावर तेल वर आलं की घसरतो. नक्षी आहे ना, मग कशाला बदलायचा असं म्हणत अण्णांनी पुढचा टायर तेरा वर्षं वापरला होता.

कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ह्याला मेन स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल हळू फिरवायचं, मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर गेला. फोर्कच्या नळीवर पांढरं फडकं फिरवायचं, तेलाचा काळा पट्टा आला तर ऑइल सील गेलं, आणि ते तेल खाली गळत चाकावर जातं. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवायचं, कटकट आवाज आला तर बुश किंवा बेअरिंग. चेन एका जागी सैल आणि एका जागी टाइट असेल तर चेन किट पूर्ण बदला, नुसती चेन नको. पेट्रोलचा पाइप बोटाने वाकवून बघा, भेगा दिसल्या तर पन्नास-शंभर रुपयांसाठी थांबू नका, आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते.

गंजाबद्दल एकच सांगतो, सायलेन्सर आतून का सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब चालवली की सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते, पण घर ते मंडई, मंडई ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही, पाणी आत साचतं आणि खालच्या बाजूने लोखंड खातं. म्हणून कमी फिरलेली, "फक्त घरच्याच कामाला वापरलेली" गाडी सायलेन्सरच्या बाबतीत जास्त वाईट असते. कोकणात खारी हवा असल्यामुळे बाहेरून पण हाच कार्यक्रम चालू असतो.

आता धूर. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालून गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवतात आणि दोन आकडे येतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर आलेलं पेट्रोल, तो पीपीएममध्ये, दहा लाख भागांत किती असा. ३१ मार्च २००० पर्यंतच्या बाईकला मर्यादा ४.५ टक्के आणि ९००० पीपीएम. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के, आणि हायड्रोकार्बन फोर स्ट्रोकला ४५००, टू स्ट्रोकला ६०००. टू स्ट्रोकला जास्त सवलत का, तर त्या इंजिनमध्ये जळलेला वायू बाहेर जायचं भोक आणि नवीन पेट्रोल आत यायचं भोक काही क्षण एकाच वेळी उघडं असतं, त्यात ताजं पेट्रोल सरळ बाहेर निसटतं. यामाहाच्या टू स्ट्रोक आरएक्स हंड्रेडच्या मागे गाडी चालवताना जो वास येतो तो ह्याचाच, तेल आणि कच्चं पेट्रोल.

कार्बन मोनॉक्साइड वाढला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडतेय. एअर फिल्टर तुंबलेला, चोक अर्धवट अडकलेला, कार्बोरेटरचा जेट झिजलेला, किंवा कोणीतरी आयडलिंग नीट व्हावं म्हणून मिक्श्चरचा स्क्रू चुकीचा फिरवलेला. हायड्रोकार्बन वाढला तर पेट्रोल पेटतच नाहीये, प्लग कमजोर, टॅपेट फार टाइट, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हे दोन आकडे म्हणजे डॉक्टरच्या रिपोर्टसारखे आहेत, पण आपण सर्टिफिकेट घडी घालून डिकीत टाकतो आणि आकडे कधी वाचत नाही. मी अण्णांच्या गाडीचे मागचे जेवढे सापडले तेवढे पीयूसीचे कागद काढून बघितले, कार्बन मोनॉक्साइड दर वेळी थोडा थोडा वर चढत आलेला, मर्यादेच्या आतच, पण चढत आलेला. एअर फिल्टर काढला तर तो फिल्टर न राहता मातीचा पापड झाला होता. नवीन टाकला, कार्बोरेटर साफ केला, आकडा निम्म्याच्या खाली आला आणि अ‍ॅव्हरेज पण वाढलं.

ह्या टेस्टच्या मर्यादा पण माहीत पाहिजेत. पेट्रोल गाडीचा धूर डोळ्यांना दिसतो तसा काळा-निळा मोजत नाहीत, ते डिझेलला असतं. त्यामुळे पिस्टन रिंगा झिजून इंजिन ऑइल जाळणारी, निळा धूर सोडणारी बाईक पीयूसीत पास होऊ शकते. आणि सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, वायू पातळ होतो आणि आकडे चांगले येतात. म्हणजे गाडी खराब आणि रिझल्ट चांगला.

पासिंगच्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो चासी नंबरवर. हँडलच्या खाली फ्रेमच्या नळीवर तो नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतात, लहानपणी नाण्याचा घ्यायचो तसा. म्हाताऱ्या गाडीचा नंबर गंजाखाली आणि रंगाच्या थराखाली असतो आणि छाप उमटत नाही, मग निरीक्षक साहेबांना नंबर जुळवता येत नाही आणि तिथे गाडी अडकते. हे घरीच दोन दिवस आधी करून ठेवा, रॉकेल किंवा डिझेलचं फडकं, जुना टूथब्रश, आणि धीर. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, आकडे पुसट झाले तर नंबरशी छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि मग तो वेगळाच व्याप. बाकी मग हॉर्न, दिवे, इंडिकेटर, दोन्ही आरसे, टायर, साडी गार्ड, सायलेन्सर मूळचा आहे का, आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग एक आहे का. साहेबांनी अण्णांनाच सांगितलं, "काका, ब्रेक दाबून धरा," आणि मागे जाऊन दिवा बघितला. दहा मिनिटांत झालं. चाक काही कोणी उघडलं नाही, आणि उघडणार पण नव्हतं, ते तिथलं काम नाही, लाइनमध्ये मागे पन्नास गाड्या असतात. म्हणूनच म्हणतो की ते काम आधी आपलं आहे.

त्या लाइनमध्ये उभं राहून एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात जुन्या गाड्या सगळ्यात वाईट नव्हत्या. एक नव्वदच्या दशकातली आरएक्स हंड्रेड होती, मालक तिच्या टाकीला हात लावू देत नव्हता, सगळं पहिल्या फटक्यात ओके. एक जुनी बुलेट, तीच गोष्ट. परत पाठवल्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, एक आरसा तुटलेला, इंडिकेटर टेपने चिकटवलेला. ह्याचं कारण सरळ आहे, तीस वर्षं टिकलेली गाडी टिकली कारण तिच्यावर कोणाचा तरी जीव होता, ज्यांच्यावर नव्हता त्या कधीच भंगारात गेल्या. पंधरा-वीसच्या मधली गाडी ही रोजच्या राबण्यातली असते, ती चालतेय म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. जास्त धोका तिलाच आहे.

कागदांचं पटकन. अर्ज फॉर्म २५ मध्ये, परिवहनच्या साइटवरून, तारीख संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा, त्यामुळे आरसी आजच काढून तारीख बघा. री-पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून १००० रुपये झाली, त्याआधी ३०० होती, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ मध्ये ती २००० केली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, २०२४ ला दुचाकीला पाच वर्षांचे २००० रुपये होते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट जुन्या गाड्यांना पण सक्तीची आहे, दुचाकीची ५३१ रुपयांना बसते. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. सगळं धरून कागदांचा खर्च गाडीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त झाला, आणि ते मला थोडं खटकलं, कारण घरात हिशोब मांडताना माणूस कागदांचे पैसे आधी बाजूला काढतो आणि लायनर पुढच्या महिन्यावर ढकलतो.

नवीन आरसी आली, २०२९ पर्यंतची. आता आम्ही घरात एक केलंय, पीयूसीची तारीख सहा महिन्यांनी येतेच, तर त्याच दिवशी सकाळी गाडी आधी मिस्त्रींकडे जाते, दोन्ही चाकं उघडतात, शू साफ करतात, मग पीयूसीच्या टपरीवर. मागच्या वेळी मी गेलो नव्हतो, अण्णा एकटेच गेले होते. संध्याकाळी घरी आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "बाण अजून लांब आहे."